दिसणे, न दिसणे आणि ठरवणे : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळातील लपण्याच्या नियमांची संदिग्धता

१. प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासात अनेकार्थता हा सामान्यतः गुण मानला जातो. एखाद्या कवितेचे दोन अर्थ संभवत असतील तर वाचकाने ते दोन्ही मनात बाळगावेत आणि त्यांच्यातील ताणाचा आस्वाद घ्यावा, असे आपण वर्गात सांगत असतो. नियमांच्या संहितेला मात्र ही सवलत मिळत नाही. कायदा असो, परीक्षेची नियमावली असो किंवा खेळाचे नियमपुस्तक असो, तेथे संभाव्य अर्थांपैकी एक निवडून त्यानुसार कृती करावीच लागते. ज्या अर्थाचा त्याग केला जातो त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात अशाच एका संहितेचा विचार करावयाचा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकेतील भूमिकाखेळाच्या नियमपुस्तकांत पात्राने लपणे, चोरपावलांनी जाणे आणि इतरांनी त्यास पाहणे यासंबंधीचे जे नियम आहेत, ते गेल्या सुमारे पन्नास वर्षांत वारंवार लिहिले व दुरुस्त केले गेले. तरीही त्यांच्या अर्थाविषयीचा वाद संपलेला नाही. या संदिग्धतेचे खापर केवळ लेखकांच्या निष्काळजीपणावर फोडता येणार नाही, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. लपणे हा दोन व्यक्तींमधील संबंध आहे. नियमाला मात्र तो एका व्यक्तीचा गुण किंवा अवस्था म्हणून नोंदवणे सोयीचे असते. या दोहोंच्या ओढाताणीत संदिग्धतेचे मूळ आहे, हे प्रतिपादन पुढील विवेचनात मांडले आहे. विवेचन प्रामुख्याने २०१४ व २०२४ च्या नियमपुस्तकांपुरते मर्यादित असून पूर्वीच्या आवृत्त्यांचा आणि एका समकालीन खेळाचा विचार तुलनेपुरता केला आहे.

२. खेळाचे स्वरूप आणि मूळ पेच

हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि १९७४ साली टी. एस. आर. या अमेरिकन संस्थेने तो प्रसिद्ध केला. १९९७ साली ही संस्था विझार्ड्स ऑफ द कोस्टने व १९९९ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही संस्था हॅसब्रोने विकत घेतली. खेळाची रीत थोडक्यात अशी : चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण ‘डंजन मास्टर’ असतो. या लेखात त्यास ‘सूत्रधार’ म्हटले आहे. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो आणि कृतीचे फळ अनिश्चित असेल तेव्हा वीस पैलूंचा फासा टाकून, त्यात पात्राच्या कौशल्याचा अंक मिळवून, निकाल लावला जातो. पहारेकरी, राक्षस, वाटसरू अशा इतर सर्वांच्या वतीने सूत्रधारच बोलतो आणि पाहतो.

आपल्याकडील लपंडावाशी तुलना केली की पेच स्पष्ट होतो. लपंडावात ज्याच्यावर राज्य असते त्याचे डोळे खरे असतात. भिडू दिसला की त्याचे नाव घेतले जाते. न दिसलेला भिडू मागून येऊन धप्पा देतो. कोण दिसले आणि कोण नाही हे ठरवण्यासाठी तेथे नियमाची गरजच भासत नाही. टेबलावरील खेळात परिस्थिती याच्या उलट आहे. लपलेल्या पात्राची लहानशी प्रतिमा सर्वांच्या समोर नकाशावर ठेवलेली असते. पहारेकऱ्याच्या वतीने पाहणाऱ्या सूत्रधारालाही ती दिसत असते. जे सर्वांना दिसते ते पहारेकऱ्याला दिसत नाही, असे मानावयाचे असते. संस्कृत नाटकातील जनांतिक किंवा अपवारित या संकेतांत प्रेक्षकांना ऐकू जाणारे वाक्य रंगमंचावरील काही पात्रांना ऐकू जात नाही असे गृहीत धरतात, त्याच जातीचा हा संकेत आहे. फरक एवढाच की नाटकात कोणाला ऐकू गेले आणि कोणाला नाही हे नाटककाराने आधीच ठरवलेले असते. येथे ते खेळ चालू असताना ठरवावे लागते आणि त्यावर पात्राचे जगणे-मरणे अवलंबून असते.

३. नियमाची पूर्वपीठिका

१९७५ साली ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून ‘चोर’ हा पात्रवर्ग खेळात आला आणि त्याच्याबरोबर सावलीत लपणे व निःशब्द चालणे ही कौशल्ये टक्केवारीच्या रूपात आली. १९७८ च्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळाडू-पुस्तिकेत पहिल्या पातळीवरील चोराला सावलीत लपण्याची १० टक्के व निःशब्द चालण्याची १५ टक्के शक्यता दिलेली आहे. येथेच अर्थनिर्णयाचा पहिला प्रश्न उपस्थित झाला. चोराला ही विद्या दिली म्हणजे इतरांकडून ती काढून घेतली काय? योद्ध्याने खांबामागे उभे राहावयाचे ठरवले तर त्याला लपताच येणार नाही काय? एका वर्गाला केलेले विशेष विधान इतर सर्वांसाठी निषेध ठरते की नाही, हा प्रश्न पुढील प्रत्येक आवृत्तीत निरनिराळ्या रूपांत पुन्हा भेटतो.

दृष्टीच्या नियमांचीही अशीच कथा आहे. १९७० च्या दशकातील पुस्तकांत एल्फ, ड्वॉर्फ अशा वंशांना काळोखात ६० फुटांपर्यंत पाहण्याची ‘इन्फ्राव्हिजन’ नावाची शक्ती होती आणि तिचे स्पष्टीकरण उष्णतेच्या किरणांच्या आधारे दिले जात असे. स्पष्टीकरण शास्त्रीय असल्यामुळे शंकाही शास्त्रीय निघाल्या : शरीराची ऊब दिसत असेल तर सावलीचा उपयोग काय? हातात पेटती मशाल असेल तर ही दृष्टी चालेल काय? २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने उष्णतेची भाषा सोडून ‘डार्कव्हिजन’ म्हणजे अंधारदृष्टी ही संज्ञा स्वीकारली. काळोखात रंग दिसत नाहीत, आकार मात्र दिसतात, एवढेच सांगितले. याच आवृत्तीत लपणे व निःशब्द चालणे ही दोन कौशल्ये एका बाजूला, तर पाहणे व ऐकणे ही दोन दुसऱ्या बाजूला अशी चौकट आली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांचे एकत्रीकरण होऊन एका बाजूस लपण्याचे व दुसऱ्या बाजूस अवधानाचे अशी दोनच कौशल्ये उरली. परंतु त्या आवृत्तीतील लपण्याचा नियम प्रकाशनानंतर लवकरच दुरुस्त करावा लागला आणि २००९ च्या दुसऱ्या खेळाडू-पुस्तिकेत तो सुधारित रूपात छापला गेला.

४. २०१४ ची संहिता : दोन अवघड स्थळे

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नियमांची भाषा जाणीवपूर्वक साधी ठेवली. तीत प्रदेशांचे दोन प्रकार आहेत. मंद उजेड, विरळ धुके यांनी झाकलेला प्रदेश ‘विरळ आवृत’ होय. तेथे दृष्टीवर अवलंबून असलेली अवधानाची चाचणी प्रतिकूल ठरते, म्हणजे दोन फासे टाकून कमी अंक धरला जातो. काळोख, दाट धुके, घनदाट झाडोरा यांनी झाकलेला प्रदेश ‘दाट आवृत’ होय. जो प्राणी मुद्दाम शोध घेत नाही त्याचे सहज अवधान १० अधिक त्याचा कौशल्यांक असे धरतात; प्रतिकूलता असेल तर त्यातून ५ वजा होतात.

पहिले अवघड स्थळ काळोखासंबंधीचे आहे. मूळ छपाईतील दोन विधानांचा आशय असा होता : दाट आवृत प्रदेश दृष्टीला पूर्णपणे अडवतो, आणि अशा प्रदेशात असलेला प्राणी अंध असल्यासारखा मानावा. आता एक दालन कल्पनेत आणावे. पहारेकऱ्याच्या हातात मशाल आहे. नियमाप्रमाणे मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि त्यापुढे आणखी २० फूट मंद उजेड पडतो. त्याच्यापासून ६० फुटांवर, काळोखात, एक मानवी चोर उभा आहे. दुसरे विधान अक्षरशः घेतले तर काळोखात उभा असलेला चोर अंध ठरतो. म्हणजे मशालीच्या उजेडातील पहारेकरी त्याला दिसू शकत नाही. अंधाऱ्या खोलीतून उजेडातले अंगण दिसते, हा प्रत्येकाचा अनुभव या वाचनाच्या विरुद्ध जातो.

२०१५ च्या शुद्धिपत्राने हे विधान बदलले. दाट आवृत प्रदेशातील वस्तू पाहू जाणारा अंध मानावा, असा त्याचा नवा आशय होता. अंधत्व उभे राहणाऱ्याकडून पाहणाऱ्याकडे सरकले, हे या दुरुस्तीचे मर्म होय. तरीही पहिले विधान तसेच राहिले आणि त्यातील अडचण कायम राहिली. पाहणारा व पाहिला जाणारा दोघेही धुक्याच्या बाहेर, पण धुके मध्ये असेल, तर दृष्टी अडते. दोघांच्या मध्ये काळोखाचा पट्टा असेल आणि पलीकडचा उजेडात असेल, तर दृष्टी अडत नाही. धुके अपारदर्शक असते, काळोख तसा नसतो. नियमाने मात्र दोहोंना एकाच संज्ञेखाली ठेवले आहे. त्यामुळे वाचकाला एकच विधान दोन उदाहरणांसाठी दोन अर्थांनी वाचावे लागते. येथे वाचकाच्या मदतीस संहिता येत नाही. त्याचा स्वतःचा जगाचा अनुभव येतो.

दुसरे अवघड स्थळ ‘स्पष्टपणे’ या एका शब्दाचे आहे. मूळ छपाईत, जो प्राणी आपल्याला पाहू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही, असा आशय होता. २०१५ च्या शुद्धिपत्राने त्यात दोन भर घातल्या : लपण्यास परिस्थिती योग्य आहे की नाही हे सूत्रधार ठरवतो, आणि प्रश्न केवळ पाहण्याचा नसून स्पष्टपणे पाहण्याचा आहे. आता पहारेकऱ्याच्या जागी गॉब्लिन उभा करावा. त्याला ६० फुटांपर्यंत अंधारदृष्टी आहे. म्हणजे काळोख त्याच्यासाठी मंद उजेडासारखा असतो. त्याचे सहज अवधान ९ आहे. मंद उजेडाच्या प्रतिकूलतेमुळे ते ४ वर येते. अशा गॉब्लिनला काळोखातील चोर ‘स्पष्टपणे’ दिसतो काय?

दिसत नाही असे म्हटले तर मंद उजेडात कोणालाही लपता येईल. पण त्याच पुस्तकात वन-एल्फ वंशाला झाडोरा, पाऊस, धुके अशा विरळ आवरणातही लपण्याचा प्रयत्न करता येतो, असे वैशिष्ट्य दिलेले आहे. एका ऐच्छिक नैपुण्यानेही विरळ आवृत असताना लपण्याची मुभा मिळते. सर्वांनाच तसे करता येत असेल तर ही विशेष विधाने व्यर्थ ठरतात. पाणिनीच्या सूत्रांतील एक अक्षरही निरर्थक नाही अशी भूमिका घेऊन पतंजलीने अर्थनिर्णय केला; उत्सर्ग आणि अपवाद यांचा विचार करताना तोच न्याय येथे लावला तर मंद उजेडातील पात्र ‘स्पष्टपणे दिसते’ असेच म्हणावे लागते. परंतु मग दुसरी अडचण उभी राहते. मंद उजेडातले दिसणेही स्पष्ट मानायचे असेल, तर ‘स्पष्टपणे’ हा शब्द घालण्याचे प्रयोजनच उरत नाही. एका शब्दाला सार्थ करावे तर दुसरे विधान व्यर्थ होते, असा हा पेच आहे.

प्रस्तुत अभ्यासकाच्या मते यातून वाट निघू शकते. ‘स्पष्टपणे’ हा शब्द उजेडाचे प्रमाण सांगत नाही, तो परिस्थिती सांगतो, असे मानावे. शुद्धिपत्रात हा शब्द सूत्रधाराला अधिकार देणाऱ्या विधानाच्या लगत आला आहे, हे महत्त्वाचे आहे. पहारेकरी बोलण्यात गुंतला असेल, गर्दी असेल, लक्ष दुसरीकडे असेल, तर दिसणे स्पष्ट राहत नाही. या वाचनाप्रमाणे सामान्य पात्राला मंद उजेडात लपावयाचे असेल तर सूत्रधाराचा अनुकूल निर्णय लागतो. वन-एल्फाला मात्र तो मागावा लागत नाही. एकाकडे अनुग्रह आहे, दुसऱ्याकडे अधिकार. असे वाचले असता दोन्ही विधाने सार्थ होतात. लढाईत प्राणी सामान्यतः चहूबाजूंनी सावध असतात, म्हणून आडोसा सोडून जवळ येणारा बहुधा दिसतो, परंतु लक्ष विचलित झालेल्याच्या बाबतीत सूत्रधार सवलत देऊ शकतो, असा त्याच पुस्तकातील दुसरा आशयही या वाचनाशी जुळतो.

५. लेखकाचा हेतू कितपत प्रमाण?

विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ साली ‘हेत्वाभास’ची चर्चा करताना लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, अशी भूमिका मांडली. नियमांच्या संहितेत मात्र लेखक जिवंत असतो आणि विचारल्यास उत्तरही देतो. पाचव्या आवृत्तीचे एक प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी ‘सेज अॅडव्हाइस’ या सदरातून अशी उत्तरे दिली. तेथे नियम वाचण्याच्या तीन दृष्टी सांगितल्या गेल्या : लिहिल्याप्रमाणे, अभिप्रेत असल्याप्रमाणे आणि खेळाचा आनंद टिकेल त्याप्रमाणे. समीक्षेतील संहिता, लेखक व वाचक या तीन ध्रुवांशी ही विभागणी जुळते.

तथापि लेखकाचे उत्तर हीसुद्धा एक नवी संहिताच असते. २०१४ च्या ‘अदृश्य’ या अवस्थेचे उदाहरण बोलके आहे. या अवस्थेत जादू किंवा विशेष इंद्रियाशिवाय प्राणी दिसत नाही असे एक कलम आहे. त्याच्यावरील हल्ले प्रतिकूल आणि त्याचे हल्ले अनुकूल होतात, असे दुसरे स्वतंत्र कलम आहे. समोरच्याला अदृश्य प्राणी पाहण्याची मंत्रशक्ती असेल तर पहिले कलम निष्प्रभ होते. पण दुसऱ्याचे काय? अक्षरशः वाचल्यास, ज्याला तो प्राणी दिसतो त्याचाही हल्ला प्रतिकूलच राहतो. एका कलमाचे कारण दुसऱ्यात गृहीत धरावे की प्रत्येक कलम स्वयंपूर्ण मानावे, हा प्रश्न लेखकाच्या उत्तराने सुटत नाही. त्याने कोणते उत्तर दिले यापेक्षा कलमांचा परस्परसंबंध कसा मानावा, हा विचार अधिक मूलभूत आहे.

६. संबंधाची परिभाषा : एक तुलना

पायझो या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. तेथे एखादा प्राणी दुसऱ्या विशिष्ट प्राण्याच्या दृष्टीने चारपैकी एका स्थितीत असतो : स्पष्ट दिसणारा, ठावठिकाणा माहीत पण न दिसणारा, असल्याची जाणीव आहे पण ठिकाण माहीत नसलेला, आणि ज्याच्या असण्याचीही वार्ता नाही असा. एकच चोर एका पहारेकऱ्याच्या दृष्टीने पहिल्या आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तिसऱ्या स्थितीत असू शकतो. शिवाय लपण्याचा फासा सूत्रधार गुपचूप टाकतो. त्यामुळे आपण खरोखर लपलो की नाही हे खेळाडूलाही ठाऊक नसते.

लपणे हा संबंध आहे ही जाणीव या परिभाषेत सर्वांत स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. तिची किंमतही आहे. पाच पात्रे आणि सहा पहारेकरी असतील तर तीस संबंधांची नोंद ठेवावी लागते. अचूकतेचा भार टेबलावर पडतो आणि कथेचा वेग मंदावतो. २०१४ च्या संहितेने हा भार सूत्रधाराच्या विवेकावर टाकला होता. येथे तो त्याच्या वहीवर पडतो.

७. २०२४ ची संहिता : संबंधाची अवस्था होते

२०२४ च्या खेळाडू-पुस्तिकेने तिसरा मार्ग पत्करला. लपण्यासाठी पात्र दाट आवृत असावे किंवा किमान तीन-चतुर्थांश आडोशामागे असावे आणि शत्रूच्या दृष्टिरेषेबाहेर असावे. चाचणीत किमान १५ यावेत. तसे झाल्यास त्यास ‘अदृश्य’ ही अवस्था प्राप्त होते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला, उच्चार आवश्यक असलेला मंत्र म्हटला किंवा शत्रूने शोधून काढले की ती संपते. पूर्वी प्रत्येक पाहणाऱ्याच्या अवधानाशी तुलना करावी लागे. आता प्रवेशाचा अंक ठरलेला आहे आणि फळही ठरलेले आहे. अपरिचित माणसे एकत्र बसून खेळतात तेथे या निश्चितीचा उपयोग आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु संदिग्धता नाहीशी झाली नाही. ती ‘शोधून काढणे’ या क्रियापदात जाऊन बसली. चोर पिंपामागे यशस्वीपणे लपला आणि मग उठून उजेडाने भरलेल्या चौकातून पहारेकऱ्यासमोरून चालू लागला. त्याने आवाज केला नाही, हल्ला केला नाही. त्याची अवस्था संपली काय? एका वाचनाप्रमाणे शोधून काढणे म्हणजे अवधानाची चाचणी यशस्वी होणे. ती झाली नाही तोवर चोर ‘अदृश्य’च राहतो. दुसऱ्या वाचनाप्रमाणे डोळ्यांसमोर उघड्यावर येणे म्हणजेच सापडणे. त्यासाठी वेगळी चाचणी नको.

येथे एक विसंगती दिसते. नव्या पुस्तकातील ‘अदृश्य’ अवस्थेच्या व्याख्येत, असा प्राणी दिसत नाही, असे म्हटलेलेच नाही. २०१४ मधील ते कलम गळाले आहे. उरले आहेत ते त्या अवस्थेचे लाभ, आणि ज्याला तो प्राणी कशाही प्रकारे दिसत असेल त्याच्या बाबतीत ते लाभ मिळत नाहीत, अशी अट. शिवाय अदृश्यतेचा मंत्र आणि पिंपामागे दबून बसणे या दोहोंनी तीच अवस्था मिळते. उघड्यावरील माणूस साध्या डोळ्यांना दिसतो असे अवस्थेच्याच व्याख्येत मानले तर मंत्र निरुपयोगी होतो. दिसत नाही असे मानले तर दबून बसणे हीच जादू होते.

या पेचातून निघण्याचा मार्ग संहितेच्या रचनेतच आहे, असे वाटते. अवस्था संपण्याची कारणे ‘अदृश्य’ या अवस्थेच्या व्याख्येत दिलेली नाहीत. ती लपण्याच्या कृतीत दिलेली आहेत. मंत्राची अंतकारणे मंत्राच्या वर्णनात वेगळी दिली आहेत. म्हणून ‘शोधून काढणे’ या शब्दाचा व्यापक अर्थ लपण्याच्या कृतीपुरता घेता येतो आणि मंत्राला त्याची झळ पोहोचत नाही. शोधण्याची चाचणी हा सापडण्याचा एक प्रकार आहे, एकमेव प्रकार नव्हे. लपण्यास परिस्थिती योग्य आहे की नाही हे सूत्रधार ठरवतो, हे विधान २०२४ मध्येही टिकून आहे. त्यामुळे या वाचनास संहितेचा आधारही मिळतो. असे असले तरी मग नव्या निश्चितीने काय साधले, हा प्रश्न उरतोच. संबंधाला अवस्थेचे नाव दिले तरी अवस्थेच्या शेवटी पुन्हा पाहणाऱ्याकडेच यावे लागते.

८. अर्थनिर्णयाची जबाबदारी

रोमान इन्गार्डन यांनी साहित्यकृतीतील अनिर्दिष्ट स्थानांचा आणि वोल्फगांग इझर यांनी वाचकाने भरावयाच्या रिकाम्या जागांचा विचार मांडला. भूमिकाखेळाचे नियमपुस्तक या विचाराला एक वेगळी बाजू पुरवते. कादंबरीतील रिकामी जागा एका वाचकाने चुकीची भरली तर दुसऱ्या वाचकाचे काही बिघडत नाही. येथे मात्र सूत्रधार जागा भरतो ती सर्वांच्या वतीने. २०१४ च्या नियमांत पाचव्या पातळीवरील चोर-पात्राला बेसावध शत्रूवर केलेल्या हल्ल्यात तीन सहापैलू फाशांइतकी अधिक इजा करता येते. सोबती शत्रूच्या निकट नसेल तर या लाभासाठी त्याला बहुतेक वेळा लपण्यावरच विसंबावे लागते. सूत्रधाराने ‘स्पष्टपणे’ या शब्दाचा संकुचित अर्थ घेतला तर त्या खेळाडूने महिनोन्‌महिने घडवलेले पात्र निष्प्रभ होते. अतिउदार अर्थ घेतला तर पहारा, काळोख, मशाल या सर्वच गोष्टी अर्थहीन होतात आणि इतर खेळाडूंच्या वाट्याला काही उरत नाही.

विधिशास्त्रज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी नियमातील शब्दांना निश्चित अर्थाचा गाभा आणि त्याभोवती अनिश्चित अर्थाची उपच्छाया असते, असे म्हटले आहे. उद्यानात वाहनांस बंदी असेल तर मोटार निश्चितच वर्ज्य. पण मुलाची खेळण्यातली गाडी? उपच्छायेतील प्रश्न शब्दकोश पाहून सुटत नाहीत. तेथे निर्णय घ्यावा लागतो आणि निर्णयाची कारणे द्यावी लागतात. संगणकीय खेळात हा निर्णय आधीच झालेला असतो. याच नियमांवर आधारलेल्या, लॅरियन स्टुडिओजच्या २०२३ मधील ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळात पात्र लपत असताना शत्रूच्या नजरेचा टापू जमिनीवर तांबड्या रंगात दिसतो. तेथे वाद नाही, कारण अर्थ लावणाराच उरलेला नाही. टेबलावरील खेळात वादाची शक्यता आहे, कारण तेथे चोर छताच्या तुळईवरून जाऊ शकतो, पहारेकऱ्याला हाक मारून फसवू शकतो, नियमकर्त्याने कल्पिलेही नाही असे काही करू शकतो. संदिग्धता ही या स्वातंत्र्याची किंमत आहे.

म्हणूनच प्रश्न केवळ योग्य अर्थ कोणता हा नाही. अर्थ लावणाऱ्याने कसे वागावे हाही आहे. आपणा अध्यापकांना याचा अनुभव नवा नाही. प्रश्नपत्रिकेतील एखादा प्रश्न संदिग्ध निघाला तर परीक्षक त्याचा एक अर्थ ठरवतो. पण तो सर्व उत्तरपत्रिकांना सारखाच लावतो आणि दुसऱ्या अर्थाने प्रामाणिकपणे उत्तर लिहिणाऱ्याचे नुकसान होऊ देत नाही. सूत्रधाराकडूनही तीच अपेक्षा आहे. अर्थ आधी सांगावा. पात्र संकटात सापडल्यावर नव्हे. एकदा लावलेला अर्थ खेळाडूंना आणि पहारेकऱ्यांना सारखाच लागू करावा. तो बदलावयाचा झाल्यास पुढील प्रसंगापासून बदलावा. आणि शंका उरलीच तर ज्याने संहितेवर विश्वास ठेवून कृती केली त्याच्या बाजूने ती सोडवावी.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) लपण्याच्या नियमांतील संदिग्धता मुख्यतः संकल्पनेतून उद्भवते. लपणे हा पाहणारा व पाहिला जाणारा यांच्यातील संबंध असून नियम त्यास एका पात्राचा गुण (१९७८) किंवा अवस्था (२०२४) म्हणून नोंदवू पाहतो.

(२) धुके व काळोख यांना एकाच संज्ञेखाली आणणे हा मात्र रचनेतील दोष होय. २०१५ च्या शुद्धिपत्राने तो अंशतः दूर केला.

(३) ‘स्पष्टपणे’ हा शब्द परिस्थितिवाचक मानल्यास सामान्य विधान व विशेष वैशिष्ट्ये या दोहोंची सार्थता टिकते. २०२४ मधील ‘शोधून काढणे’ याचा अर्थही लपण्याच्या कृतीपुरता व्यापक घेणे इष्ट ठरते.

(४) २०१४ ची दुरुस्त संहिता निर्णय कोणी घ्यावयाचा हे उघडपणे सांगते. २०२४ ची संहिता तो निर्णय एका क्रियापदाच्या आड ठेवते. सोयीच्या दृष्टीने दुसरी सरस असली तरी संहिता म्हणून पहिली अधिक प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

(५) ज्या संहितेचा अर्थ लावण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे असतो तेथे वाचन ही केवळ आस्वादाची क्रिया राहत नाही. तिच्यावर इतरांना न्याय देण्याची जबाबदारी येते. नियमांच्या संहितांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष दिल्यास अर्थनिर्णयाच्या या बाजूचा विचार आपल्या समीक्षेत अधिक सूक्ष्मपणे होऊ शकेल.